एक चेंडू, आळीपाळीने

शेवटचा पेट्रोलपंप मागे पडला, रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाळू सुरू झाली, तेव्हा बाबांनी सीट मागे ढकलली, पाय पसरले आणि विचारलं, "पैज लावतेस?"

लेकीने आरशात पाहिलं. मागच्या सीटवर गोल्फच्या दोन पिशव्या शेजारी शेजारी बसल्या होत्या. बाबांनी त्यांना पट्टे लावले होते.

"कसली पैज?"

"या वर्षी आपली जोडी शेवटची आली, तर मी बोऱ्याबिस्तर गुंडाळून तुझ्याकडे राहायला येतो. नाही आली, तर हा विषय बंद. जेवताना काढायचा नाही, डॉक्टरकडे जाताना काढायचा नाही, आणि माझ्या शेजाऱ्यांना फितवून तर मुळीच काढायचा नाही."

शेजाऱ्यांचं खरं होतं. आईला जाऊन आठ-नऊ महिने झाले होते आणि तेवढे सगळे महिने लेक या एकाच गोष्टीच्या मागे होती. आपल्या घरातली मागची खोली तिने रिकामी केली, रंगवली, उजेडाला चांगला दिवा आणला, गुडघ्यांना सोसेल इतक्या उंचीचा पलंग करून घेतला. बाबा येऊन खोली पाहून गेले. "खोली झकास आहे," म्हणाले, "पाहुणे खूश होतील." आणि संध्याकाळच्या गाडीने आपल्या घरी परतले.

"लावली," ती म्हणाली. दातांची डॉक्टर होती ती. समोरच्याने तोंड उघडलं की लगेच कामाला लागायची सवय. मग थोडं अंतर कापल्यावर तिच्या डोक्यात उजेड पडला. "बाबा, पण जोडी तुमची-माझीच आहे ना?"

"मग?"

"मी मुद्दाम वाईट खेळले तर?"

बाबांनी डोळे मिटून घेतले होते. "तू? लहानपणी सापाने गिळलं तर सोंगटी स्वतःच्या हाताने शेपटीपर्यंत आणून ठेवायचीस. मी बघत नसलो तरी. तुझ्यावर बिनव्याजी विश्वास आहे माझा, भिंगरे."

असा विश्वास म्हणजे पायातली बेडीच. तिने गाडीचा वेग वाढवला.

बाबा जन्मभर सरकारी मोजणीदार. जमिनी मोजायच्या, खुणेचे दगड रोवायचे, दोन भावांच्या मधे उभं राहून दोघांच्याही शिव्या खायच्या. गोल्फ त्यांना निवृत्तीनंतर लागला, आणि तो आईमुळे. आईला कुणीतरी जुन्या काठ्या दिल्या होत्या. तिने अंगणात चेंडू मारून बघितला आणि शेजारच्यांची कुंडी फोडली. एवढ्या लांबून नेमकी कुंडी लागते म्हणजे हात चांगला आहे, असा तिने निष्कर्ष काढला. तेव्हापासून दर हिवाळ्यात दोघं या वाळवंटातल्या मैदानावर जोडीच्या स्पर्धेला येत आणि शेवटची येत. एखाद्या वर्षी शेवटून दुसरी आली, तर घरी येऊन त्याचंच कौतुक महिनाभर चाले.

हे मैदानही जगावेगळं होतं. गोल्फचं म्हणून जे हिरवंगार गवत आपण चित्रात पाहतो, त्याची इथे एक काडी नव्हती. पाणी प्यायला पुरलं तरी नशीब, गवताला कोण घालणार? सगळीकडे वाळू, आणि जिथे झेंडा आणि भोक, तिथे तेल पाजून दाबून बसवलेली वाळू. त्या गोल तुकड्याला सगळे 'तपकिरी' म्हणत. प्रत्येक जोडीला हातभर लांबीची खोट्या गवताची चटई मिळे. चेंडू वाळूत पडला की उचलायचा, चटई अंथरायची, तिच्यावर चेंडू ठेवायचा आणि मारायचा. मग चटई काखेत मारून पुढे चालू लागायचं.

"आपली हिरवळ आपण वाहायची," बाबांनी पहिल्या सकाळी चटई तिच्या खांद्यावर टाकली. "हे तुझं खातं. तुझ्या आईकडे असायचं."

सकाळ बोचरी होती. उन्हात उभं राहिलं तर गरम आणि ढगाच्या सावलीत दात वाजतील अशी. विश्रामगृहाच्या ओट्यावर आठ-दहा जोड्या मफलर गुंडाळून चहा पीत होत्या. बाबा दिसताच गलका उठला. "आले, मोजणीदार आले!" "आता आम्हाला शेवटच्या नंबराची काळजी नाही!" कुणी पाठीवर थाप मारली, कुणी आईचं नाव न घेता बाबांचा हात नुसताच धरून ठेवला आणि सोडला. बाबांनी सगळ्यांना लेक दाखवली. "ही माझी जोडीदारीण. दात दुखत असतील तर आत्ताच सांगा, उद्या महाग पडेल."

त्यांच्याबरोबर खेळायला नणंद-भावजयीची जोडी होती. नणंद निवृत्त पोस्टमास्तर. उंच, काटक, उन्हाची टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. भावजय औषधांचं दुकान चालवायची. गोल, हसरी, खिशात खोकल्याच्या गोळ्या. दोघींनी आयुष्यभर एका घरात भांडून झाल्यावर आता मोकळ्या हवेत भांडायला गोल्फ धरला होता.

"नियम माहीत आहेत ना, बाळ?" नणंदबाईंनी लेकीला विचारलं. "चेंडू एकच. एक टोला बाबांचा, पुढचा तुझा, पुन्हा बाबांचा. आळीपाळीने. ज्यांचे टोले कमी, ती जोडी पुढे. पाळी चुकली तर दोन टोल्यांचा दंड. चेंडू मागे ठेवायचा आणि ज्याची पाळी त्याने मारायचा."

"संसारासारखं आहे गं," भावजयबाई म्हणाल्या. "एकाने घाण करायची, दुसऱ्याने निस्तरायची."

"हे तुझ्या आईचं वाक्य," बाबा लेकीला म्हणाले, "या बाई फुकट वापरतात."

लेकीच्या हातात आईच्याच काठ्या होत्या. आई तिच्याहून चार बोटं बुटकी, त्यामुळे काठ्या तोकड्या पडत. "वाकून मार," बाबा म्हणाले. "सरकारपुढे सगळेच वाकायचे."

सरकार म्हणजे आई. घरात बाबा तिला कधी नावाने हाक मारत नसत. 'सरकार, चहा मिळेल का?' 'सरकारची परवानगी असेल तर झोपतो.' बाबांनी जन्मात दुसऱ्या कुणालाही एवढं अहो-जाहो केलं नसेल; साहेबांनासुद्धा नाही.

पहिल्या दिवशी लेकीने मनाशी एक तोडगा काढला होता. मुद्दाम वाईट खेळायचं नाही, पण फार जीव तोडूनही खेळायचं नाही. जे होईल ते होईल. दोन महिने ती दवाखाना बंद झाल्यावर सरावाला जात होती, तेवढा सराव शेवटून पहिला यायला पुरेसा होता.

पण खेळ काही आपल्या तोडग्याने चालत नाही. पहिल्याच भोकाला बाबांचा टोला काटेरी झुडपात गेला. तिने चटई अंथरली, वाकली, मारला, आणि चेंडू वर उडून थेट तपकिरीवर जाऊन बसला. असा टोला तिने आयुष्यात मारला नव्हता.

"अगं बाई!" भावजयबाई ओरडल्या. "वन्सं, बघितलंत का? ही तर मुरलेली निघाली!"

"डोळे आहेत मला, वहिनी."

बाबांनी टोपी काढली, टकलावरून हात फिरवला आणि तपकिरीकडे असे चालू लागले की बघणाऱ्याला वाटावं, या माणसाच्या गुडघ्यांनी कधी तक्रारच केली नाही.

त्या चालण्याकडे ती बघत राहिली. तिच्या घरी आले की बाबा खुर्चीच्या कडेवर बसत, पाहुण्यासारखे. चहाचा कप स्वतः विसळायला उठत आणि कपाटांची दारं एक एक उघडून कप ठेवायची जागा शोधत. इथे ते वाऱ्याचा अंदाज घ्यायला वाळू चिमटीतून सोडत होते, झेंड्यापर्यंतचं अंतर डोळा बारीक करून सांगत होते आणि ते हातभरही चुकत नव्हतं. अंतर बरोबर, टोला चूक, अशी त्यांची रीत. "मोजणी माझी पक्की आहे," ते म्हणत. "अंमलबजावणी दुसऱ्या खात्याकडे."

संध्याकाळी जेवणघरात सूप आणि पाव खाताना त्यांनी नणंदबाईंची अशी नक्कल केली की नणंदबाईंनाच ठसका लागला. लेक हसली. हसताना तिच्या मनात आलं की, या माणसाला मी मागच्या खोलीत नेऊन बसवणार आहे. हसू ओसरलं, पण विचार गेला नाही.

दुसऱ्या दिवशी ती जीव तोडून खेळली. कधी ठरवलं ते तिचं तिलाही कळलं नाही. बाबांनी चेंडू टेकाडापलीकडे घालवला की ती चटई घेऊन धावे. तिने घालवला की बाबा "हरकत नाही, भिंगरे, जमीन आपलीच आहे," म्हणून मागे जात. बाकीच्या जोड्या एक एक करून खेळ संपवून ओट्यावर चहाला जाऊन बसल्या. शेवटच्या भोकाला या दोनच जोड्या उरल्या आणि हिशेब असा होता की बाबा-लेक नणंद-भावजयीपेक्षा एका टोल्याने पुढे. या दोहोंतली जी मागे, ती सबंध स्पर्धेत शेवटची.

नणंद-भावजयीने आपला चेंडू आधी भोकात घातला, आणि कुणामुळे एक टोला जास्त लागला यावरून दोघींची जुंपली. बाबांच्या जोडीचा चेंडू झेंड्यापासून लांब, वाळूच्या उतारावर होता. लेकीने चटई टाकली, जपून मारला. चेंडू तपकिरीच्या कडेवर पडला, घरंगळला आणि भोकाच्या चार पावलं अलीकडे थांबला.

"वा!" बाबा म्हणाले. पिशवीतून चेंडू ढकलायची काठी त्यांनी काढली, सदऱ्याला पुसली आणि दोन्ही हातांनी पुढे धरली. "घ्या सरकार. तुमचा मान."

शेवटच्या भोकाचा शेवटचा टोला नेहमी आईचा असे. पाळी कुणाचीही असो. दोघं इतकी मागे असत की कुणी हरकत घेत नसे. उलट ओट्यावरून टाळ्या पडत. ही गोष्ट लेकीने आईच्या तोंडून इतक्यांदा ऐकली होती की तिला त्यात काही वावगं दिसलंच नाही. बाबांनी काठी दिली, तिने घेतली. वाकली. चेंडू सरळ रेषेत गेला, भोकाच्या काठावर क्षणभर टेकला आणि आत पडला.

ओट्यावर आरडाओरडा झाला. बाबांनी टोपी उडवली. ती वाऱ्याने झुडपात गेली, तिच्यामागे भावजयबाई धावल्या. "आलो नाही! शेवटचे आलो नाही!" बाबा म्हणत होते. "भिंगरे, विषय बंद! खोलीला भाडेकरू बघ!"

लेक हातमोजा काढत होती. एक बोट निघालं, दुसरं निघालं आणि तिचा हात थांबला. उतारावरून चटईवरचा टोला तिने मारला होता. म्हणजे हा बाबांचा होता.

कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. नणंदबाई नियमाच्या पक्क्या, पण त्या भांडणात होत्या. बाबांना तर आपण काय बोलून गेलो याची गंधवार्ता नव्हती. गप्प बसलं तर बाबा आनंदाने आपल्या घरी जातील, आणि जगाला वाटेल, लेकीने मन मोठं केलं. बोललं तर दंड पडेल, बहुतेक हार होईल, तिला जे हवं होतं ते मिळेल आणि सगळ्यांना वाटेल, बघा, खोली भरायला नियमाचं पुस्तक काढलंन. खोटं वागून उदार दिसायचं की खरं बोलून स्वार्थी? चांगली पंचाईत होती.

"बाबा," ती म्हणाली. "पाळी तुमची होती."

बाबांच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते तसंच राहिलं आणि त्याखालून ते आठवू लागले. चटई. उतार. काठी. काय म्हणालो आपण. मग त्यांनी हळूच मान हलवली.

"मी दिली तुला," ते म्हणाले. "चूक माझी."

"मी घेतली."

"मी तर पाहिलंच नाही!" नणंदबाई कळवळून म्हणाल्या.

"कशा बघाल, वन्सं? माझा उद्धार चालला होता ना." टोपी घेऊन आलेल्या भावजयबाई धापा टाकत होत्या. "जाऊ दे, मोजणीदार. आम्ही काही बोलणार नाही. इतकी वर्षं कुठे बोललो?"

"इतकी वर्षं आम्ही बारा कोस मागे असायचो, बाई," बाबा म्हणाले. "तेव्हाची सूट ही सूट होती. आज घेतली तर ती चोरी. दोन टोले लिहा."

त्यांनी भोकातून चेंडू काढला आणि होता तिथे, चार पावलांवर, परत ठेवला. ठेवताना मोजणीदाराचा डोळा लावून एकदा इंचभर सरकवला, तोही भोकापासून लांब, स्वतःच्या तोट्याचा. आता हिशेब सोपा होता. आधीचा एक टोला आणि या भोकाला त्या दोघींना जास्त लागलेला एक, अशी दोनाची आघाडी दंडात गेली. हा टोला आत गेला तर नणंद-भावजयीशी बरोबरी, म्हणजे शेवटचा नंबर कुणाचाच नाही. चुकला तर आपणच शेवटचे.

लेकीने श्वास धरला, आणि आपण कशासाठी श्वास धरलाय हे तिला स्वच्छ कळलं. जाऊ दे आत. जाऊ दे रे बाबा, आत.

बाबांनी मारला. चेंडू छान निघाला, भोकाच्या ओठाला लागला, वळला आणि बाजूला जाऊन बसला.

"मुद्दाम नाही ना?" ती पुटपुटली.

"मुद्दाम चुकवायला आधी मुद्दाम घालता यावा लागतो," बाबा म्हणाले. उरलेला वीतभर टोला तिच्या पाळीचा होता. तो तिने मारला, आणि इतक्या वर्षांच्या परंपरेला कुठेही बाध न येता त्यांचं घराणं पुन्हा एकदा शेवटचं आलं. टाळ्या मात्र पहिल्या नंबराला मिळाल्या नसतील इतक्या मिळाल्या.

शेवटच्या जोडीला इथे शिक्षा असे. ऊन कलल्यावर सगळ्या तपकिरींवरून लाकडी फळी ओढायची, पावलांचे ठसे पुसून वाळू सारखी करायची. बाकीच्यांनी ओट्यावर बसून चहा प्यायचा आणि चुका काढायच्या. बाबा फळीची दोरी धरून पुढे, लेक मागून दाबत होती.

"शब्द म्हणजे शब्द," बाबा म्हणाले. "पुढच्या महिन्यात येतो. कपडे फार नाहीत. हत्यारांची पेटी आणू का, की तिथे भिंतीत खिळे मारायला बंदी आहे?"

"नका येऊ."

बाबा थांबले. फळी तिच्या नडगीला लागली. "म्हणजे?"

"पैज मी जिंकले ना? मग जिंकलेल्याने ठरवायचं. तुम्ही तुमच्या घरी राहा. काल-आज तुम्हाला बघितलं. तुमची काळजी घ्यायची काही गरज नाही."

"हे मी कधीपासून सांगतोय." बाबांनी दोरी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "पण मग इतके महिने रंग काय, पलंग काय... तुला खरं काय हवं होतं? माझं सोड. तुझं सांग."

तिने फळीवर जोर दिला. वाळूवर सारखी, तेलकट रेघ उमटत गेली. "दवाखाना बंद केला की आईचा फोन यायचा. मी हत्यारं उकळायला ठेवायची आणि ती बोलायची. भाजी काय आणली, तुम्ही काय हरवलं. आता हत्यारं उकळतात आणि मी तिथेच उभी असते." तिने फळी पुन्हा दाबली. "मला घरात कुणीतरी बोलायला हवंय, बाबा. एवढंच. तुम्ही रोज फोन केलात तरी चालेल."

बाबा दोरी ओढत राहिले. एक तपकिरी पुरी झाली.

"फोन?" मग ते म्हणाले. "रोज?"

"रोज."

"आणि काय बोलायचं?"

"काहीही."

"मला फोनवर दोन वाक्यं येतात. 'हं' आणि 'ठेवतो'. तुझी आई मला शिकवून शिकवून दमली." त्यांनी मान हलवली. "नाही गं, हे जमणारं नाही. त्यापेक्षा सामान बांधणं सोपं. मी येतोच."

"पण तुम्हाला यायचं नव्हतं!"

"तू काळजी घेणार होतीस म्हणून. मला सांभाळायला नेत होतीस. मी काय फुलदाणी आहे? सोबतीला हवाय म्हणालीस, ती गोष्ट वेगळी. सोबतीला माणूस जातो." त्यांनी दोरीला हिसका दिला. "घर मात्र मी विकणार नाही. वाटलं तर चार दिवस तिकडे. आणि कप कुठे ठेवायचे ते मी ठरवणार. तुझ्या स्वयंपाकघराची मांडणी म्हणजे हद्दीचा वाद आहे."

"आणि पटलं नाही तर?"

"तर भांडू. त्या दोघींना बघ, तब्येती किती छान आहेत."

ओट्यावरून नणंदबाईंचा खणखणीत आवाज आला, "मोजणीदार! झेंड्याजवळ राहिलंय!"

"राहिलेलं नाही, वन्सं, ती सावली आहे!"

"तुम्ही चष्मा लावा, वहिनी!"

बाबा खात्री करायला निघाले. सरळ, मधूनच, आत्ताच सारख्या केलेल्या वाळूवरून, बुटांचे मोठे मोठे ठसे उमटवत झेंड्यापर्यंत गेले, वाकून पाहिलं आणि तसेच परत आले.

"बाबा! आत्ता केलं होतं मी ते!"

"मग?" बाबांनी दोरी उचलली. "सवय कर."